गोळी विंचवाकडे बघतही नाही

कोकणातला लाल विंचू दिसायला अगदीच किरकोळ. बोटाएवढा, हडकुळा, तांबूस. दगड उलटवल्यावर जाड चिमटे उगारणारा काळा विंचू दिसला की माणूस चार पावलं मागे सरतो, पण त्या काळ्याचं विष त्या मानाने सौम्य. धडधाकट माणसाला एका रात्रीत आडवं करण्याची ताकद आहे ती या मरतुकड्या लाल विंचवात. पेंढ्याच्या भाऱ्यात, सरपणाच्या ढिगात, जांभ्याच्या गडग्यात, कधी दारातल्या चपलेत तो दडलेला असतो. हात किंवा पाय पडला की नांगी चालते आणि कातडीखाली विषाचा एक बारीक थेंब उतरतो.

या थेंबाचं पुढे काय होतं ते नीट बघितलं तर औषध म्हणजे काय हेही कळतं. विष आणि औषध यांची काम करण्याची रीत एकच असते.

विंचवाच्या विषातली माणसाला भोवणारी प्रथिनं आकाराने छोटी, साधारण साठ-सत्तर अमिनो आम्लांची. ती मज्जातंतू कुरतडत नाहीत, पेशी जाळत नाहीत. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी अतिसूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना सोडियम चॅनल म्हणतात. तंतूतून संदेश जाताना हे चॅनल उघडतं आणि सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात आपोआप मिटतं. विंचवाचं प्रथिन चॅनलच्या बाहेरच्या अंगाला जाऊन चिकटतं आणि त्याला वेळेवर मिटू देत नाही. बस्स, एवढंच. पण तेवढ्याने जिथे एक संदेश जायचा तिथे संदेशांची रीघ लागते. घाम, लाळ, आतड्यांची हालचाल, हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचा ताण हा सगळा कारभार आपल्याला न विचारता चालवणाऱ्या नसा एकदम कामाला लागतात. सुरुवातीला उलट्या, तोंडातून लाळ, कपडे भिजवणारा घाम. (एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हाही घाम फुटतो. तिथला विंचू कामक्रोधाचा असला तरी निरीक्षण अस्सल आहे.)

मग पुढचा आणि खरा जीवघेणा अंक. नसांच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन भरमसाट सुटतं. ही दोन्ही द्रव्यं आपलीच, रोजच्या वापरातली. अंथरुणातून उठून उभं राहिलं तरी चक्कर येत नाही ती नॉरॲड्रेनलिनच्या कृपेने. पण आता त्यांचा पूर आलेला असतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाची डावी बाजू थकते, रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं, त्यातलं पाणी श्वासाच्या जागेत झिरपतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. दंश झालेल्या बोटाला सूजही फारशी नसते. मारेकरी विंचू असला तरी हत्यार आपल्याच घरातलं असतं.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा विंचूदंशाचे रुग्ण आधी मांत्रिकाकडे जायचे आणि मग, जमलं तर, दवाखान्यात यायचे. दवाखान्यात आल्यावरही हाती लागेल असा इलाज नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या: घाम किती, हातपाय गार कधी पडले, नाडी, रक्तदाब, छातीतला आवाज. कोणत्या खुणा दिसल्या तर पुढे हृदयावर बेतणार आहे हे त्यांनी त्यावरून ताडलं आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात मांडलं. हे काम त्यांनी ईसीजीपुरत्या साधनांवर आणि मुख्यतः डोळे उघडे ठेवून केलं, हे मला त्यांना पुढे मिळालेल्या पद्मश्रीपेक्षा मोठं वाटतं.

रोगाची वाट कळली की औषध कुठे आडवं घालायचं हे ठरवता येतं. नाडी धावतेय म्हणून हृदयाला शांत करणारी गोळी द्यावी, असा मोह होतो. पण अशा गोळीने रक्तवाहिन्यांची आवळण सुटत नाही. उलट थकलेल्या हृदयाचा उरलासुरला जोरही जातो. फुप्फुसातलं पाणी लघवीवाटे काढायला जावं, तर घामाने आणि उलट्यांनी रुग्ण आधीच कोरडा पडलेला. अडवायला हवं होतं ते एकाच ठिकाणी: नॉरॲड्रेनलिन जिथे रक्तवाहिनीला ‘आवळ’ म्हणून सांगतं तिथे. बावस्करांनी सुरुवातीला सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. ते रक्तवाहिन्या सैल करतं, पण सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. खेड्यातल्या दवाखान्यात ते कुठून जमणार? मग त्यांनी उचलली प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी. तोंडाने घ्यायची, स्वस्त, सहज मिळणारी. १९८६ मध्ये त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध केले. गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण पूर्वी तीस टक्क्यांच्या घरात असायचं, ते एक टक्क्याच्या आसपास उतरलं.

आणि इथे खरी नवलाची गोष्ट आहे. ही गोळी विंचवाच्या विषाला स्पर्शही करत नाही. विष जिथे चिकटलंय त्या सोडियम चॅनलशी तिचं काही देणंघेणं नाही. नॉरॲड्रेनलिनही ती नष्ट करत नाही. ते रक्तात जेवढं होतं तेवढंच राहतं. मग ती करते काय?

मोठ्या माणसाला दर वेळी अर्धा मिलिग्रॅम प्राझोसिन देतात. मिठाचे चार-सहा कण चिमटीत धरावेत इतकंसं हे वजन. पण त्यात रेणू किती? हिशेब मांडला तर आठावर सतरा शून्यं येतात. माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी धरल्या तरी एकेका पेशीच्या वाट्याला वीस हजारांच्या वर रेणू येतील. अर्थात अशी समान वाटणी होत नाही. काही भाग आतड्यातून शोषलाच जात नाही, काही यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. जो रक्तात पोहोचतो त्यातले शंभरातले सत्त्याण्णव रेणू रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतात. उरलेल्या तिघांनी सगळं काम करायचं.

‘डोकेदुखीची गोळी डोक्यात जाते’ असं आपण बोलून जातो. प्रत्यक्षात कुठलीही गोळी कुठेही जायला निघत नाही. तिला दिशा नसते, पत्ता नसतो, आजाराची कल्पना नसते. रक्त नेईल तिथे तिचे रेणू जातात: केसांच्या मुळाशी, पायाच्या अंगठ्यात, डोळ्याच्या बुबुळात. शरीराच्या उबेने सगळेच रेणू सतत थरथरत, आपटत, भरकटत असतात. त्या धक्काबुक्कीत प्राझोसिनचा रेणू हजारो प्रथिनांवर आदळतो आणि परत फेकला जातो. एखाद्याच प्रथिनाच्या खळग्यात त्याची बाह्याकृती आणि विद्युतभार असे जुळतात की तो क्षणभर जास्त टिकतो. औषधाचं सगळं शहाणपण या ‘क्षणभर जास्त’मध्ये आहे.

तो खळगा असलेलं प्रथिन म्हणजे रिसेप्टर. आज हा शब्द बारावीच्या पुस्तकात सहज येतो, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो निव्वळ तर्क होता. केंब्रिजमध्ये जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी १९०५ मध्ये कोंबड्यांच्या स्नायूंवर निकोटिनचे प्रयोग केले. निकोटिन लावलं की स्नायू आकसायचा. तोपर्यंत बऱ्याच जणांचा समज असा की अशी द्रव्यं मज्जातंतूच्या टोकावर काम करतात. लँगलींनी तंतू कापून, त्याची टोकं पूर्ण मरून जाऊ दिली आणि मग निकोटिन लावलं. स्नायू तरीही आकसला. वर क्युरारे नावाचं दुसरं द्रव्य लावलं तर निकोटिनचा परिणाम थांबला. पण त्याच स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो व्यवस्थित आकसत होता, म्हणजे स्नायू बधिर झालेला नव्हता. तेव्हा निकोटिन आणि क्युरारे दोघंही स्नायूच्याच अंगावरच्या कुठल्यातरी तिसऱ्या पदार्थासाठी भांडत असले पाहिजेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तो पदार्थ त्यांनी पाहिला नाही, पाहू शकतही नव्हते.

पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात रेमंड आल्क्विस्ट यांनी ॲड्रेनलिन आणि त्याची काही भावंडं वेगवेगळ्या अवयवांवर लावून कोणाचा जोर कुठे जास्त पडतो याच्या याद्या केल्या. याद्या दोनच प्रकारच्या निघाल्या. रक्तवाहिन्या आवळताना एक क्रम, हृदयाला पळवताना दुसरा. म्हणून त्यांनी म्हटलं की ॲड्रेनलिनचे रिसेप्टर दोन जातींचे असावेत, अल्फा आणि बीटा. एका नियतकालिकाने हा लेख परत पाठवला. दुसऱ्याने छापला तरी बरीच वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते जेम्स ब्लॅक यांनी. फक्त बीटा अडवणारं प्रोप्रानोलॉल त्यांनी १९६० च्या दशकात घडवलं आणि १९८८ मध्ये नोबेल मिळवलं. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांनी तर बीटा रिसेप्टर शोधून, वेगळा काढून, २०११ मध्ये तो काम करत असतानाची त्याची रचनाच क्ष-किरणांनी टिपली. पुढच्याच वर्षी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लँगलींच्या तर्काला चेहरा मिळायला शतक लागलं.

हे चेहरे एकाच घराण्यातले आहेत. पेशीचं आवरण मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढं जाड. रिसेप्टरच्या प्रथिनाची साखळी त्यातून आत-बाहेर करत सात वेळा आरपार जाते. माणसात अशी सात फेऱ्यांची सुमारे आठशे प्रथिनं आहेत. वास ओळखणारी, अंधुक प्रकाशात बघायला मदत करणारी, ॲड्रेनलिन टिपणारी, सगळी या घराण्यातली. आणि बाजारातल्या औषधांपैकी साधारण एकतृतीयांश यांच्यावरच काम करतात. बीटा रिसेप्टरचं जनुक उलगडलं तेव्हा त्याचा तोंडावळा डोळ्याच्या पडद्यातल्या ऱ्होडॉप्सिनशी जुळतो हे पाहून संशोधकही चकित झाले होते. उजेड दिसणं आणि छाती धडधडणं यांची यंत्रणा मुळात एकच निघावी, हे मला अजूनही पचवायला वेळ लागतो.

रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशीवर अल्फा-१ जातीचा रिसेप्टर असतो. नॉरॲड्रेनलिन बाहेरून त्याच्या खळग्यात बसतं. आत शिरत नाही, बाहेरच राहतं. पण ते बसताच सातही वेटोळी किंचित सरकतात, वळतात आणि प्रथिनाची आतली बाजू उघडी पडते. तिथे वाट बघत असलेलं दुसरं प्रथिन जागं होतं, ते एका विकराला उठवतं, विकर आवरणातलाच एक रेणू तोडून निरोप्या तयार करतं, निरोप्या पेशीतली कॅल्शियमची कोठारं उघडतो. कॅल्शियम सुटलं की स्नायू आवळतो. प्रत्येक पायरीवर एकाचे अनेक होतात, म्हणून बाहेर बसलेल्या मूठभर रेणूंचा आत एवढा गाजावाजा.

प्राझोसिन त्याच खळग्यात बसतं, पण प्रथिन हलत नाही. एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा हा प्रकार. रुमालाला कुठे जायचं नसतं. तो फक्त दुसऱ्याला बसू देत नाही. ही जागाही कायमची धरलेली नसते. रेणू बसतो, सुटतो, पुन्हा कुठला तरी बसतो. नॉरॲड्रेनलिनची गर्दी वाढली तर तेही अधूनमधून जागा मिळवतं. कोण जास्त वेळा बसणार हे दोघांच्या संख्येवर आणि कोण किती घट्ट धरतो त्यावर ठरतं. प्राझोसिन घट्ट धरतं, म्हणून अर्धा मिलिग्रॅम पुरतं. पण दोन-तीन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, म्हणून हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी ते पुन्हा द्यावं लागतं. हातपाय गरम होणं ही बावस्करांची खूण. पंजा हातात घेतला की रिसेप्टरांवर काय चाललंय ते कळतं.

प्राझोसिनच्या आधीही अल्फा अडवणारी औषधं होती. ती इतकी उपयोगी का पडत नव्हती, याचं उत्तर फार देखणं आहे. अल्फाही पुढे दोन प्रकारचे निघाले. अल्फा-१ रक्तवाहिनीवर. अल्फा-२ मात्र नॉरॲड्रेनलिन सोडणाऱ्या नसेच्या टोकावरच बसलेला असतो, आणि त्याचं काम ब्रेकचं. बाहेर नॉरॲड्रेनलिन साठलं की ते या अल्फा-२ वर बसून आपल्याच नसेला सांगतं, पुरे आता. जुनी औषधं दोन्ही अल्फा झाकत. रक्तवाहिनी सैल व्हायची, पण ब्रेकही निकामी व्हायचा, नस आणखी नॉरॲड्रेनलिन ओतायची आणि हृदय दुप्पट धावायचं. प्राझोसिन अल्फा-१ वर बसतं आणि अल्फा-२ ला जवळपास हात लावत नाही. ब्रेक शाबूत राहतो. गंमत म्हणजे हे औषध आलं तेव्हा ते रक्तवाहिनीला थेट सैल करतं अशीच कल्पना होती. त्याची ही निवड नंतर ध्यानात आली, आणि अल्फाचे प्रकार वेगळे करायला संशोधकांना त्याचीच मदत झाली.

निवड कितीही नेमकी असली तरी औषधाला विंचू चावलेला माणूस आणि न चावलेला माणूस यांतला फरक कळत नाही. पहिल्या गोळीनंतर रुग्ण झटकन उठून बसला तर पायांकडच्या रक्तवाहिन्या आवळत नाहीत, रक्त खाली साठतं आणि तो कोसळतो. म्हणून आडवं ठेवायचं, लहान मुलाला कौतुकाने उचलून कडेवर घ्यायचं नाही.

सगळीच औषधं रिसेप्टरवर बसतात असंही नाही. दंशाची ठणक असह्य असते, ती थांबवायला डॉक्टर बोटाच्या मुळाशी लिग्नोकेन टोचतात. दात काढताना देतात तेच. त्याचं लक्ष्य पुन्हा सोडियम चॅनल, म्हणजे जिथे विंचवाचं विष बसलंय तेच प्रथिन! विष बाहेरच्या अंगाला बसून त्याला मिटू देत नाही. लिग्नोकेन आधी तंतूच्या आवरणातून आत शिरतं, आत गेल्यावर विद्युतभार धारण करतं आणि आतल्या बाजूने छिद्राला बूच मारतं. पू झालेल्या दाताला हे इंजेक्शन नीट लागू पडत नाही याचं कारणही यातच आहे. पुवाजवळचा भाग आम्लधर्मी होतो, औषधाला बाहेरच भार येतो आणि भार घेऊन आवरण ओलांडता येत नाही. ॲस्पिरिनचं आणखी निराळं. ते रक्तातल्या बिंबिकांमधल्या एका विकराला स्वतःचा तुकडा कायमचा जोडून टाकतं. बिंबिकेला केंद्रक नसल्यामुळे ती नवं विकर बनवू शकत नाही, तिचं उरलेलं आठ-दहा दिवसांचं आयुष्य तसंच जातं. म्हणून हृदयरुग्णाची ॲस्पिरिन रक्तात काही तासही टिकत नाही, पण परिणाम आठवडाभर मागे राहतो.

आणि विंचवाच्याच विषाला धरणारं औषध? तेही आहे. परळच्या हाफकिनमध्ये घोड्यांच्या रक्तातून तयार होणारी प्रतिलस थेट विषाच्या प्रथिनांना पकडते. ती एकटी पुरेशी का नाही, हे आता लक्षात येईल: नॉरॲड्रेनलिनचा पूर एकदा सुटला की तो तिला परत भरता येत नाही. बावस्कर दांपत्याने २०११ मध्ये ७० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिलस दिली की रुग्ण कितीतरी लवकर बरे झाले. एक औषध नळ बंद करतं, दुसरं पाणी घरात शिरू देत नाही. (लाल विंचवाच्या विषाचा प्रयोगशाळेतही मान आहे. त्यातलं ३७ अमिनो आम्लांचं एक प्रथिन पोटॅशियम चॅनलची एकच जात नेमकी अडवतं, आणि गेली तीन दशकं जगभरचे संशोधक ते त्या चॅनलच्या अभ्यासासाठी वापरतात.)

अल्फा-१ मात्र रक्तवाहिनीपुरता नाही. नाक चोंदल्यावर टाकायच्या थेंबांत अल्फा चेतवणारं द्रव्य असतं. नाकातल्या वाहिन्या आवळल्या की वाट मोकळी होते. विंचूदंशात जे थांबवायचं, तेच इथे मुद्दाम घडवायचं. आठवडाभराहून जास्त टाकत राहिलं की नाक उलटं जास्त चोंदतं, हेही अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. साठीनंतर प्रोस्टेट वाढून लघवी अडते तेव्हा देतात ती टॅम्सुलोसिनची गोळी प्राझोसिनच्याच वळणाची. प्रोस्टेटमधल्या आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंवरचे अल्फा-१ ती झाकते, स्नायू सैल पडतात आणि रात्रीच्या फेऱ्या कमी होतात.

पण डोळ्याची बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूवरही तोच रिसेप्टर आहे, आणि गोळीला पत्ता कळत नाही हे आपण पाहिलंच. मोतीबिंदू काढताना बाहुली मोठी राहावी लागते. काही रुग्णांमध्ये ती ऐन शस्त्रक्रियेत आकसते, रंगीत पडदा पाण्यातल्या कापडासारखा लुळा पडून हलायला लागतो. २००५ मध्ये डोळ्यांच्या दोन डॉक्टरांनी याचा धागा टॅम्सुलोसिनशी जोडून दाखवला. आधी थोडे दिवस गोळी बंद केली तरी हा धोका पूर्ण जात नाही. सर्जनला आधी ठाऊक असेल तर मात्र तो तयारीने बसतो. म्हणून मोतीबिंदूच्या तपासणीला गेलेल्या आजोबांना डोळ्यांचे डॉक्टर अचानक विचारतात, ‘लघवीची काही गोळी चालू आहे का?’ आजोबा गोंधळून आजींकडे बघतात, आणि आजी पिशवीतून पाकीट काढून देतात.